४८३१ लिहिलेला डबा

२०२२ च्या उन्हाळ्याआधी अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, ज्यांनी ४८३१ (रायफलच्या दारूचा एक प्रकार) लिहिलेले, सील फोडलेले डबे विकत घेतले, त्यांनी ती बंदुकीची दारू कृपा करून वापरू नये. पुढचे वाचायला वेळ नसेल तर निदान एवढे लक्षात ठेवा.

एल्कच्या (तिकडच्या मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी मी काडतुसे घरी भरतो. (हे अमेरिकेतले आहे. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.) त्या वर्षी दुकानांत रायफलची दारू मिळतच नव्हती. गन शोमध्ये एका टेबलावर साठी उलटलेले गृहस्थ बसले होते. भाऊ वारला, त्याच्या गॅरेजमधले सामान काढतोय, म्हणाले. बोलणे इतके अदबीचे की घासाघीस करायचीही लाज वाटली. पाउंडाचा डबा ३० डॉलर. दुकानात मिळाला असता तर ४० च्या वर. सील का फुटलेले, विचारले. "त्याने चार-सहा काडतुसे भरली असतील, तेवढीच."

मी झाकण उघडून वास घेतला. बिघडलेली दारू आंबट, नाकाला झोंबणारी लागते आणि तिच्यात तांबूस भुकटी दिसते. तसे काहीच नव्हते. दाणे जरा आखूड होते, पण ४८३१ आखूड दाण्यांचीही मिळते आणि डब्यावर तसेच छापलेले होते. डबा खरा होता. आतली दारू दुसरीच होती, बहुधा ४८९५ क्रमांकाची.

यात एवढे बिघडते कुठे, ते सांगतो. माझी रायफल ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम या मोठ्या काडतुसाची. तिच्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) साधारण ८२ ग्रेन पाणी मावते (ग्रेन हे वजनाचे छोटे माप); .३०८ विंचेस्टर या मध्यम काडतुसाच्या पुंगळीत ५६ च्या आसपास. म्हणजे माझी पुंगळी जवळजवळ दीडपट मोठी, आणि नळीचे भोक मात्र .३०८ पेक्षा अरुंद. एवढ्या दारूचा वायू एवढ्याशा भोकातून बाहेर पडायचा, तर ती सावकाश जळायला हवी. गोळी पुढे सरकते तशी मागची जागा वाढते आणि त्या बेताने वायू येत राहतो. ४८३१ अशी संथ आहे. ४८९५ तिच्याहून बरीच जलद, ती .३०८ सारख्या मध्यम पुंगळीत शोभते. चुलीत बाभळीचा ओंडका घालणे आणि तेवढ्याच वजनाचा पेंढा घालणे, असा हा फरक. त्यात दारूचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते आणि त्याने दाब आणखी चढतो. गोळी इंच-दोन इंच सरकायच्या आतच सगळे होऊन जाते. म्हणून संथ दारूचे वजन जलद दारूला कधीच लावायचे नसते. कारखान्यांच्या तक्त्यांत दारूंचा फक्त क्रम असतो, अमुकच्या जागी तमुक इतकी चालेल असे त्यावरून ठरवता येत नाही.

मी काडतुसे भरण्याच्या पुस्तकातले ४८३१ चे सगळ्यात कमी वजन घेऊन वीस काडतुसे भरली. पहिलाच बार वेगळा वाजला. तोंडावर गरम हवा आली, चष्म्याच्या काचेवर काळे ठिपके उठले. बोल्ट (नळीचा मागचा भाग बंद करणारा दांडा) हाताने उघडेना. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने तो उघडला तेव्हा प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) जागेवर नव्हता, पुंगळीचा बूड फुगला होता आणि पितळेवर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) ठसा उमटला होता. या काडतुसाच्या दाबाची मान्य कमाल ६१,००० पीएसआय (चौरस इंचावर पाउंड) आहे. आम्ही ती कितीतरी ओलांडली होती, असे तो म्हणाला. चष्मा नसता तर उजवा डोळा गेला असता.

उरलेली एकोणीस काडतुसे मी एकेक करून खोलली. ते दाणे क्लबमधल्या एका जुन्या माणसाच्या ४८९५ शेजारी ठेवले, तर वेगळे काढता येईनात. नेमकी हीच गोष्ट लोकांना पटत नाही: दोन दारू शेजारी ठेवूनही डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. विश्वास ठेवायचा तो कारखान्याच्या न फुटलेल्या सीलवर आणि डब्यावरच्या लॉट नंबरवर. भावाची गोष्ट खरी असली, विकणारा सज्जन असला, तरी उघड्या डब्यात काय आहे हे त्यालाही माहीत नसू शकते. या माणसाला मात्र माहीत होते, असे मी म्हणतो. पुढच्या शोच्या वेळी मी आयोजकांना फोटो दाखवले. त्याने दिलेला फोन नंबर दुसऱ्याच कोणाचा निघाला.

हे मराठीत लिहिण्याचे कारण असे. त्या टेबलापाशी माझ्या पुढे दोघे होते, बाप-लेक. मुलगा विशीतला. "बाबा, दोन घेऊया, परत मिळणार नाही," असे तो म्हणाला, आणि मराठी ऐकून मला इतका आनंद झाला की मी हसून मान हलवली. त्यांनी दोन डबे घेतले. नाव विचारायचे राहून गेले, रायफल कोणती तेही. वडिलांच्या अंगात निळे जाकीट होते आणि ते किंचित लंगडत चालत होते. कोणाच्या ओळखीतले वाटले तर त्यांना आजच फोन करा.