हिवाळ्यातलं व्हेनिस: मुक्काम बेटावर की मेस्त्रेला?

मेस्त्रे, म्हणजे व्हेनिसचा मुख्य भूमीवरचा भाग, स्वस्त पडतं, हे खरं. हॉटेलच्या दारापर्यंत टॅक्सी येते, ट्रेन दहा-बारा मिनिटांत पाणी ओलांडून बेटावर सोडते. बाकी सांगण्यासारखं फारसं नाही.

बेटावर गाड्या नाहीत. चारशेच्या वर पूल, बहुतेकांना पायऱ्या. जड बॅग असेल तर जानेवारीतही घाम फुटतो. पण डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं, दिवसापुरते आलेले लोक परतू लागतात, आणि धुक्यातल्या गल्ल्या तुमच्या एकट्याच्या. सकाळी रिआल्तोच्या मासळीबाजारात शाईने काळी झालेली माकुळं बघावीत (सोमवारी जाऊ नका, बंद असतो). मेस्त्रेहून येणाऱ्याच्या वाट्याला नेमक्या या दोन वेळाच येत नाहीत.

भरतीच्या पाण्याची भीती? मोठी भरती 2020 पासून 'मोसे' या समुद्रातल्या पूररोधक बांधाची दारं अडवतात. सान मार्को चौक मात्र सखल, तिथे लहान भरतीतही पाय भिजू शकतात.

नाताळ, नववर्ष आणि कार्निव्हल वगळता बेटावरचे दर बरेच उतरतात. तेव्हा सरळ बेटावरच राहा, शक्यतो कान्नारेज्जो या भागात. स्टेशन जवळ, पूल कमी. कार्निव्हललाच जायचं असेल, तर मेस्त्रे.