अडीचशे एमबीपायी १५,८९७ रुपये ८२ पैसे

आधी आकडे लिहून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. पहिल्या दिवशी ५,८९८ रुपये ८२ पैसे, दुसऱ्या दिवशी ९,९९९ रुपये. विंडोज १० चा एक अपडेट बसत नव्हता म्हणून. अपडेट फुकटचा, दुरुस्तीही फुकटची, आणि मी एका खोट्या हेल्पलाइनला पैसे मोजले.

अपडेटचा नंबर केबी ५०३४४४१, आलेला ९ जानेवारी २०२४ ला. बिटलॉकरला, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाला, वळसा घालता येईल अशी एक फट बुजवायला तो काढला होता. तो सी ड्राइव्हवर बसत नव्हता, रिकव्हरी पार्टिशन या डिस्कच्या वेगळ्या कप्प्यातल्या विनआरईवर (विंडोज बिघडली तर दुरुस्तीसाठी ठेवलेली छोटी प्रणाली) बसायचा, आणि तिथे २५० एमबी मोकळी जागा मागायचा. कित्येक मशीनवर ते अख्खं पार्टिशनच ५०० एमबीच्या आसपास, तेही भरलेलं. मग सरळ 'जागा नाही' म्हणावं ना! पण स्क्रीनवर यायचा ८००७०६४३ हा कोड, ज्याचा अर्थ फक्त 'इन्स्टॉल झालं नाही'. खऱ्या संदेशाच्या जागी चुकून हा कोड दिसतो, असं मायक्रोसॉफ्टनेच नंतर मान्य केलं. म्हणून म्हणतो, मी अगदीच बावळट नव्हतो. विंडोजच्या फाइली तपासणारं एसएफसी स्कॅननाऊ केलं, काही सापडलं नाही. त्या फाइली दुरुस्त करणारं डिझमचं रिस्टोअरहेल्थ केलं, यशस्वी. सगळं ठणठणीत, आणि अपडेट दर वेळी लाल. असे सहा महिने.

जुलैत एका संध्याकाळी तोच कोड सर्चमध्ये टाकला. पहिली ओळ 'स्पॉन्सर्ड' होती, त्यात हेल्पलाइन नंबर. लावला. (स्पॉन्सर्ड म्हणजे पैसे भरून मिळवलेली जागा, खरेपणाचा दाखला नव्हे. आणि मायक्रोसॉफ्टच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.)

पुढचा तमाशा तुम्हाला पाठ असेल. फोनवरच्या माणसाने दुरून मशीन चालवायचं रिमोटचं ॲप घ्यायला लावलं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या, ज्या नव्या कोऱ्या मशीनवरही असतात. चालू कनेक्शनांची यादी देणारी नेटस्टॅट कमांड चालवून 'फॉरेन ॲड्रेस'चा (समोरच्या टोकाचा पत्ता) रकाना दाखवला आणि म्हणाला, 'सर, ये देखिए, फॉरेन से कनेक्शन.' त्या रकान्यात निम्म्या ओळी १२७.०.०.१ च्या होत्या. म्हणजे माझंच मशीन माझ्याशीच बोलत होतं. हे मला कळत होतं. मी हसलोही मनातल्या मनात. पण फोन ठेवला नाही. वाटलं, याला बोलायची सवय असेल, काम येत असेल.

खरा क्षण त्यानंतरचा, तो मला अजून झोपू देत नाही. त्याने ॲडमिनमधून कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली, अपडेटची आणि बिट्सची (अपडेट डाउनलोड करणारी) सर्व्हिस थांबवली, विंडोज फोल्डरमधलं सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन हे फोल्डर उडवलं, सर्व्हिसेस परत चालू केल्या आणि अपडेट हिस्टरी उघडली. कोरी. सहा महिन्यांच्या लाल ओळी गायब. 'देखिए सर, एरर गया.' मी पाहत राहिलो. अहो, हिस्टरीची नोंद त्याच फोल्डरातल्या डेटास्टोअरमध्ये असते! फोल्डर उडवलं की यादी कोरी होणारच. वाण्याची वही फाडली म्हणून उधारी फिटत नाही. हे फोल्डर मी स्वतः दहा जणांच्या मशीनवर साफ केलंय, यादी कोरी होताना पाहिलीय. तरी त्या वेळी मनात आलं काय? 'सुटलो एकदाचे.'

तिथेच एक साधा प्रश्न विचारायचा होता: 'चेक फॉर अपडेट्स' दाबून दाखव. नाही विचारला.

पैसे: 'लाइफटाइम अपडेट प्लॅन' ४,९९९, वर १८ टक्के जीएसटी ८९९ रुपये ८२ पैसे. पैशांपर्यंतचा नेमका हिशोब बघून उलट विश्वास बसला. बिलावर जीएसटी नंबर नव्हता, आणि यूपीआयचा क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी भलत्याच एका माणसाचं नाव आलं. ते नाव पिन टाकण्याआधी समोर येतं, वाचण्यासाठीच येतं. वाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच अपडेट, तोच कोड. फोन केला तर 'रिकव्हरी पार्टिशन का लायसन्स' लागेल म्हणाला, ९,९९९, परत मिळणारं डिपॉझिट. रिकव्हरी पार्टिशनला लायसन्स नसतं. पण दुखणं नेमकं तिथेच आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मला वाटलं माणूस जाणकार आहे. आणि खरं सांगायचं तर आधीचे बुडू नयेत म्हणून पुढचे दिले. संध्याकाळी 'रिफंड' म्हणून १५,८९७.८२ ची कलेक्ट रिक्वेस्ट (पिन टाकला की आपलेच पैसे जातात ती मागणी) आली, तेव्हा डोळे उघडले. पैसे यायला पिन लागत नाही.

सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० बराच वेळ लागलाच नाही. लागल्यावर बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, मागितला. तो फोन करण्याआधीच कागदावर लिहून ठेवा, ॲपमध्ये शोधेपर्यंत माझी लाइन कटली. तक्रार नोंदली, पोचक्रमांक मिळाला, तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. बँकेत रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक घेऊन गेलो: तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही. साहेबांनी एका शब्दावर बोट ठेवलं, 'अनऑथराइज्ड'. 'पिन तुम्हीच टाकलात ना? मग हा व्यवहार ऑथराइज्ड.' म्हणजे चोराने चोरलं तर भरपाई, आणि फसवून माझ्याच हातून काढून घेतलं तर माझी मर्जी! पोलीस ठाण्यात तर आधी हद्दीवरूनच घोळ: घर एका ठाण्याच्या हद्दीत, बँकेची शाखा दुसऱ्याच्या, आरोपी कुठला ते देवाला माहीत. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झालेली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. हे सांगितल्यावर उत्तर आलं, 'साहेब, कलमं तुम्ही नका शिकवू. ऑनलाइन केलीय ना तक्रार? मग झालं.' तीन फेऱ्या, तीन वेळा तोच अर्ज हाताने लिहिला. पोर्टलवर अजून 'प्रक्रियेत'.

आता ती दुरुस्ती, जिला मला अकरा मिनिटं लागली. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी /इन्फो (इंग्रजीत सलग अक्षरं: आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी). स्टेटस 'डिसेबल्ड' आलं तर तुम्हाला हा अपडेट नकोच, एररकडे दुर्लक्ष करा. 'एनेबल्ड' असेल तर त्याखालच्या मार्गात हार्डडिस्क आणि पार्टिशन यांचे आकडे असतात, ते लिहून घ्या. बिटलॉकर चालू असेल तर आधी सस्पेंड, आणि रिकव्हरी की कागदावर. बॅकअप. मग रीएजंटसी /डिसेबल. डिस्कपार्टमध्ये (डिस्कचे कप्पे पाडणारी कमांड) सी निवडून श्रिंक, डिझायर्ड २५०, मिनिमम २५०. मग रिकव्हरीचं पार्टिशन निवडून डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. इथे एंटर दाबण्याआधी आकडा तीनदा बघा. ओव्हरराइड विचारत नाही, चुकीचं निवडलं तर डेटा गेला. नवं पार्टिशन करताना जीपीटी डिस्कला (कप्पे मांडायची नवी पद्धत; जुनी ती एमबीआर) लांबलचक आयडी आणि ॲट्रिब्यूट लागतात; मायक्रोसॉफ्टच्या केबी ५०२८९९७ या पानावरून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. जुन्या एमबीआर डिस्कला आयडी नुसता २७. एनटीएफएसमध्ये क्विक फॉरमॅट, बाहेर या, रीएजंटसी /एनेबल. रिकव्हरी पार्टिशन डिस्कवर सीच्या आधी असेल तर हे जसंच्या तसं चालत नाही, मोकळी जागा भलत्याच टोकाला निघते; तिथे हात घालू नका.

कुणाला मशीनचा रिमोट ताबा दिला असेल तर आधी नेटची वायर काढा, नुसतं ॲप काढून भागत नाही. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे गेले असं धरा. आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या याद्या, म्हणजे टास्क शेड्यूलर आणि स्टार्टअप, बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूझर टाइप करून खात्यांची यादी वाचा. मी हे चौथ्या दिवशी केलं. यादीत 'सपोर्ट' नावाचं खातं होतं, ॲडमिन हक्कांसकट. चार दिवस ते तिथे बसून होतं. खातं काढायच्या आधी फोटो काढले, प्रिंट घेतली, ठाण्यात गेलो.

'हे मूळ तक्रारीत नाही,' म्हणाले. 'वेगळा अर्ज करा.'