पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, आणि एका कोकणी नावाचा शोध (5 पैकी साडेचार)

मॉरिशसला गेलं की लोक बीच बघतात, बोटीत बसतात आणि परत येतात, म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम लिहितेय. राजधानीत, पोर्ट लुईला, बंदराजवळ आप्रवासी घाट आहे, तिथे अर्धा दिवस तरी काढाच. तिकीट नाही. 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. बघायला गेलं तर दगडी भिंती, काही खोल्या आणि समुद्राकडच्या थोड्या पायऱ्या एवढंच उरलंय, बाकीचं मधून गेलेल्या रस्त्याने खाल्लं. पण 1849 ला हा मजूर उतरवून घ्यायचा डेपो बांधायला घेतला आणि हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेली माणसं याच पायऱ्या चढून आत आली. सगळे मिळून साडेचार लाखाच्या वर. दोनतीन दिवस इथे ठेवायचे, नोंद करायचे आणि मग मळ्यावर रवानगी.

मी गेले ती मैत्रिणीच्या वडिलांबरोबर. काका मॉरिशसचे मराठी, घरात तिथली क्रिओल भाषा बोलतात, पण आरती तोंडपाठ. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची प्रत त्यांच्याकडे आधीच होती. मूळ रजिस्टरं मोका नावाच्या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, 2015 ला युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड (जगातल्या मोलाच्या दस्तऐवजांच्या) यादीत आली. प्रत्येक माणसाला एक नंबर दिलेला असायचा, जुन्या जन्म-लग्नाच्या दाखल्यांवर तो बरेचदा सापडतो, म्हणून आधी घरातल्या ट्रंका उघडा, नंबर मिळाला की निम्मं काम झालं. फोटो मात्र मिळेलच असं नाही, फोटो काढायला लागले ते 1860 च्या दशकात आणि मुंबईहून बोटी गेल्या त्यातल्या बऱ्याच त्याच्या आधी.

नोंदीत काय असतं तर नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. काकांच्या पणजोबांचं लिहिलंय 5 फूट 2 इंच, डाव्या नडगीवर व्रण. वाचताना अंगावर काटा येतो कारण आईने पोराकडे बघावं तसं कुणीतरी या माणसाच्या पायापर्यंत बघितलंय, पण बघितलंय ते फक्त पळाला तर ओळखता यावा म्हणून.

आणि पुढे शेरा होता, "फरार". काका हे वाचून वर्षभर गप्प होते म्हणे, घरात कुणाला सांगितलं नाही. घाटावरच्या माहिती केंद्रात (बीक्रमसिंग रामलाला यांच्या नावाचं आहे, छान मांडलंय, घाई करू नका) कराराचे नियम वाचले तेव्हा उलगडा झाला. पगार सुरुवातीला महिना पाच रुपये. एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांचा पगार कापायचा. 1867 च्या कायद्याने तर फोटोचा पास जवळ नसला तर रस्त्यावरून उचलून आत टाकायचे. शेजारच्या मळ्यावर आजारी गाववाल्याला बघायला न विचारता गेला तरी कागदावर तो गुन्हेगारच होणार. पणजोबा नक्की कशासाठी गेले ते नोंदीत नाही, पण शेरा लिहिणारा मळ्याचा माणूस होता एवढं कळलं. काका बाकावर बसून बराच वेळ त्याच पाटीकडे बघत होते.

गावाची गोष्ट वेगळीच. एका वंशावळीच्या पेड वेबसाइटने काकांकडून भरपूर पैसे घेऊन त्यांचं गाव उत्तरेत कुठेतरी दाखवलं होतं आणि त्याच नावाच्या भलत्याच माणसाची पोरंबाळं झाडाला जोडून दिली होती, असल्या ठिकाणी पैसे घालू नका. नोंदीत जिल्ह्याच्या जागी नुसतं बॉम्बे आणि गावाच्या जागी कारकुनाने कानाला आलं तसं इंग्रजीत काहीतरी, "लुंजाह" वाचता येईल असं. मी राजापूरची. दोनदा मोठ्याने म्हटलं आणि तिसऱ्यांदा ओरडलेच, अहो काका, हे लांजा! आमच्यापासून अर्ध्यापाऊण तासावर! खात्री आहे का, तर शंभर टक्के कोण देणार, पण काका म्हणाले त्यांच्याकडे गणपतीत झाकरी नाचतात, ती कशी ते हात धरून गोल फिरून दाखवली आणि ती आमची जाखडीच की हो, तोच ठेका, पाय टाकायची तीच लकब.

अर्धा मार्क कापला तो एवढ्यासाठी की जागा लहान आणि दुपारचं ऊन भयंकर, सकाळीच जा, पाणी आणि टोपी घेऊन जा, आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर वेळ हातात ठेवा कारण ते लवकर निघत नाहीत. पायऱ्यांवर चढू देत नाहीत, लांबूनच बघायच्या.

काकांना विचारलं लांज्याला कधी येताय, तर म्हणाले गणपतीत. आईला फोन करून सांगितलंय, माळ्यावरच्या गाद्या उन्हात घालून ठेव.