तुर्कीच्या क्लासात गेलेले साडेसोळा हजार

लेक तुर्कीत इझमीरला असते. तिच्या बाळंतपणाला जायचं ठरलं तेव्हा वाटलं, शेजारणीशी चार शब्द बोलता यावेत, बाजारात भाव विचारता यावा, एवढी तरी तुर्की शिकून जावं. मोबाइलवर जाहिरात दिसली : ३० दिवसांत तुर्की, शिक्षिका थेट इस्तंबूलच्या. नोंदणीचे २,९९९ रुपये भरले, मग ‘लाइव्ह बॅच’चे ९,५००. शेवटचे ४,००० ए१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राचे, कारण ‘त्याशिवाय व्हिसा मिळत नाही’ असं फोनवर ठासून सांगितलं. हे धादांत खोटं होतं. पर्यटक व्हिसाला भाषेचं प्रमाणपत्र लागत नाही. व्हिसा केंद्रात मी हे विचारलं, पण पैसे गेल्यावर.

लाइव्ह तास एकही झाला नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ आणि आवाजाच्या क्लिपा येत. ग्रुपवर आपल्याला लिहिता येत नसे, त्यामुळे इतरांचंही असंच चाललंय हे कुणालाच कळलं नाही.

मी मात्र मन लावून पाठ करत होते. लेकीला फोनवर म्हणून दाखवलं, तर ती गप्पच झाली. ‘साऽ ओल’ म्हणजे आभार. त्यातला ‘ग’ उच्चारायचा नसतो, तो आधीचा स्वर लांबवतो. क्लिपेत ‘साग ओल’ होतं. मशिदीला ‘जामी’ म्हणतात, क्लिपेत ‘कामी’. १९२८ साली तुर्कीने लॅटिन लिपी घेतली, तिच्यात २९ अक्षरं आहेत आणि रोमन ‘सी’चा उच्चार ‘ज’ होतो, हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं. क्लिपेतला आवाज अ‍ॅपचा होता.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. तुर्कीत आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे. थोरामोठ्यांना ‘नासल्सनज’ विचारायचं. मला ‘नासल्सन’ एवढंच शिकवलं होतं. म्हणजे लेकीच्या सत्तरीतल्या शेजारणीला मी ‘कशी आहेस गं’ म्हणणार होते. त्यांना तिथे सगळे ‘तेयझे’ म्हणतात, म्हणजे मावशीच. आत्या, काका, मामा यांनाही तिथे वेगवेगळे शब्द आहेत. इतकी जवळची भाषा! क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाला चिकटून. साबून, दुन्या, हेसाप तर आपलेच.

नवशिक्याला बरं-वाईट कळत नाही, यावरच हा धंदा चालतो. म्हणून पैसे देण्याआधी शिक्षकाला समोर, कॅमेऱ्यावर एवढंच विचारा : घरात म्हणजे ‘एवदे’, मग शाळेत म्हणजे ‘ओकुल्दा’ का, ‘ओकुल्दे’ का नाही? शब्दातल्या स्वरांप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो, हे दोन मिनिटांत सांगता येतं. दुसरं, टिंबाचा आणि बिनटिंबाचा ‘आय’ ही दोन निराळी अक्षरं आहेत. माझ्या पीडीएफमध्ये ‘टिंबाने फरक पडत नाही’ असं छापलं होतं. ‘मला कंटाळा आला’ या अर्थाच्या साध्या तुर्की शब्दात टिंब चुकलं तर गलिच्छ शिवी होते.

आता मी युनूस एमरे या तुर्की भाषा-संस्कृतीचा प्रसार करणाऱ्या संस्थेच्या पोर्टलवर शिकते, फुकट.

१९३० या सायबर हेल्पलाइनला मी अकरा दिवसांनी फोन केला. लाजेपायी घरात सांगितलं नव्हतं. तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. तुमच्या बाबतीत झालं तर त्याच तासाला फोन करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. क्लासचं नाव बदललंय, बाईंचा फोटो तोच आहे, आणि या वेळी त्या कोरियन शिकवतात.