ट्रायड लक्षात ठेवण्यासाठी अँकी

वैद्यकीय अभ्यासक्रमात तीन-तीन, पाच-पाच लक्षणांचे ठरलेले गट (तिनांचा तो ट्रायड, पाचांचा तो पेंटाड) सतत पुढे येतात आणि तोंडी परीक्षेत ते हमखास विचारले जातात. हे गट नुसते पाठ केले तर महिन्याभरात एकमेकांत मिसळतात. मराठवाड्यात शिकणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी यासाठी अँकी हे फ्लॅशकार्डचे सॉफ्टवेअर वापरावे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. मात्र त्यातील कार्डे स्वतः लिहिली पाहिजेत, ही अट मी आग्रहाने घालतो.

कार्डावर प्रश्न दिसतो, उत्तर मनात आठवायचे, मग ते उघडून ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’ किंवा ‘ईझी’ यांपैकी एक बटण दाबायचे, एवढेच यात करावे लागते. जे आठवले नाही ते लगेच परत येते आणि जे सहज आठवले ते बऱ्याच दिवसांनी येते. 2023 पासून यात एफएसआरएस ही वेळापत्रकाची नवी पद्धतही उपलब्ध असून ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. देवनागरी व्यवस्थित चालते, आणि कार्डे एकदा फोनमध्ये आली की इंटरनेट लागत नाही, त्यामुळे अंबाजोगाईकडे जाताना बालाघाटच्या डोंगरात मोबाइलची रेंज गेली तरी उजळणी थांबत नाही.

आता कार्ड कसे लिहावे, हा खरा विषय. ‘बेकचा ट्रायड कोणता?’ असे कार्ड करणाऱ्याला कमी रक्तदाब, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि दबलेले हृदयध्वनी ही यादी येईल. पण अपघातानंतर आलेल्या रुग्णाच्या मानेच्या शिरा फुगलेल्या पाहून हृदयाच्या आवरणात रक्त साचल्याची शंका त्याला येईलच असे नाही. म्हणून प्रश्न रुग्णाकडून रोगाकडे जाणारा असावा आणि उत्तरात कारण असावे : आवरणात द्रव साचला की हृदय नीट भरत नाही, त्यामुळे शिरांत रक्त तुंबते, पुढे जाणारे रक्त कमी पडते आणि ध्वनी द्रवामुळे दबतात. कुशिंगच्या ट्रायडचे कार्ड त्याच्या शेजारीच ठेवावे. तेथे कवटीतील दाब वाढल्याने रक्तदाब चढतो, नाडी मंदावते आणि श्वास अनियमित होतो. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडल्यावर, बहुधा दिसणाऱ्या उतरत्या रक्तदाबाच्या आणि जलद नाडीच्या हे नेमके उलट आहे. कारण कळले की यादी वेगळी घोकावी लागत नाही.

इंटरनेटवर मिळणारे तयार डेक, म्हणजे कार्डांचे संच, परिश्रमपूर्वक बनवलेले असतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांतील सर्वाधिक प्रचलित डेक अमेरिकेच्या परवाना परीक्षेसाठी रचलेले आहेत, आणि आपल्या कॅज्युअल्टीत येणारा रुग्ण त्यांच्यासमोर नसतो. फवारणीचे औषध प्यायलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडातून वाहणारी लाळ, घाम, मंद नाडी, छातीतील घरघर आणि स्नायूंची फडफड हा गट आपल्याकडच्या इंटर्नला झोपेतून उठवले तरी आठवला पाहिजे. या कार्डाच्या मागे ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचे संदेशवाहक रसायन साचते हे कारण लिहावेच, शिवाय ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाने स्राव आटतात पण स्नायूंचा अशक्तपणा जात नाही, हेही लिहावे. अफूवर्गीय औषधांच्या ट्रायडमध्येही बाहुल्या बारीकच असतात, परंतु तेथे बेशुद्धी आणि मंदावलेला श्वास असतो व स्रावांचा पूर नसतो. हा फरक स्वतंत्र कार्डावर घ्यावा. मण्यारीच्या दंशाचेही कार्ड हवे : रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, दंशाच्या जागी फारशी सूज नाही, पहाटे पोटात दुखते आणि पापण्या खाली येऊ लागतात. अशी कार्डे आपणच लिहिली तर मिळतील.

अँकीची एक मर्यादा या विषयात विशेष जाणवते. कार्ड उत्तराला पूर्ण मानते, रोग तसा पूर्ण येत नाही. ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखालचे दुखणे हा पित्तनलिकेच्या संसर्गाचा शार्कोचा ट्रायड, आणि त्यात शॉक व बदललेली शुद्ध मिळवली की रेनॉल्ड्सचा पेंटाड. पण अनेक रुग्णांत तिन्ही लक्षणे एकत्र नसतात, म्हणूनच 2013 आणि 2018 च्या टोकियो मार्गदर्शक सूचनांनी निदान दाह, तुंबलेले पित्त आणि सोनोग्राफीसारख्या प्रतिमाचाचण्या यांवर बेतले आहे. एखादे लक्षण नसले म्हणजे रोग नाही, असा समज होऊ नये यासाठी मी अशा प्रत्येक कार्डाखाली ‘सगळी लक्षणे नसली तरी’ ही ओळ लिहितो आणि पुढे कोणती तपासणी करायची ते नोंदवतो.

रोज 20 नवी कार्डे ही सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा आहे. ड्यूटी असणाऱ्याने ती कमी करावी, कारण आज घेतलेले नवे कार्ड पुढच्या आठवड्यांत अनेकदा परत येते आणि थकबाकी साचली की विद्यार्थी ॲपच सोडून देतात. संगणकावर अँकी मोफत आहे. अँड्रॉइडवरील अँकीड्रॉइडही मोफत आहे, आयफोनवर मात्र एकदा पैसे मोजावे लागतात. मिळत्याजुळत्या नावांची इतरही ॲप दिसतात, तेव्हा डाउनलोड करण्यापूर्वी नाव नीट वाचून घ्यावे.