विज्ञानाचं एक सत्र परदेशात: जर्मनी की सिंगापूर?

आधी कॅलेंडर बघा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि तासिका फेब्रुवारीपर्यंत चालतात. म्हणजे आपली दोन्ही सत्रं विस्कटतात. सिंगापूरच्या एनयूएसचं (नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर) पहिलं सत्र ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात, आपल्या विषम सत्राशी छान जुळणारं. शिकवणंही इंग्रजीत.

जर्मनीत बीएस्सीचे बरेच विषय जर्मनमध्येच असतात. प्रयोगशाळेच्या सुरक्षा-माहितीची बैठक चुकवली, तर प्रात्यक्षिकाला उभं करत नाहीत. सत्राला ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिटं), प्रत्येकामागे २५ ते ३० तास काम. एनयूएसमध्ये चार युनिटांचा विषय आठवड्याला १० तास मागतो. क्रेडिटचा हिशेब असा वेगळा असल्याने परदेशी निघण्यापूर्वीच विषयांची यादी आपल्या विभागप्रमुखांकडून लेखी मंजूर करून घ्या.

बीएस्सीला सिंगापूरच बरं. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मात्र जर्मनीचं एप्रिलचं सत्र जरूर धरावं.