घरपोच ग्रूमिंग आणि लेबल नसलेली बाटली

पुण्यात घरी येऊन मांजरांचे ग्रूमिंग करून देणारे अनेक जण हल्ली समाजमाध्यमांवर जाहिरात करतात आणि त्यांतले बरेचसे आपले काम नीट करणारे असतीलही. परंतु आमच्या शेवंता या पर्शियन मांजरीच्या बाबतीत ज्या रीतीने आमच्याकडून पैसे उकळले गेले आणि प्रकरण तिच्या जिवावर बेतले, ती रीत इतकी सराईत होती की ती सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

जाहिरातीत अंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे आणि कान साफ करणे असे सगळे मिळून 899 रुपये सांगितले होते व त्यातील निम्मी रक्कम आगाऊ घेतली गेली. आलेल्या तरुणाने अंघोळ अर्धी झाल्यावर पोटाखालच्या आणि काखेतल्या जटांवर बोट ठेवून प्रत्येक जटेचे शंभर रुपये वेगळे पडतील असे सांगितले. मग स्वतःच्या पिशवीतली फणी तिच्या मानेवरून फिरवून दातांत अडकलेली काळी पूड त्याने आम्हाला दाखवली. ही पिसवांची घाण आहे, आज औषध सोडले नाही तर गाद्यांपर्यंत पिसवा पसरतील, असे तो म्हणाला. औषध अर्थातच त्याच्याच पिशवीत होते: लेबल नसलेली छोटी प्लास्टिकची बाटली, किंमत 1,500 रुपये. मोठ्या बाटलीतून काढून आणतो म्हणून स्वस्त पडते, हे लेबलाबद्दलच्या प्रश्नावरचे त्याचे उत्तर. ओले मांजर गुरगुरत असताना आणि काम अर्धवट पडलेले असताना घरातले लोक वाद घालत बसत नाहीत, हे अशा माणसांना पक्के ठाऊक असते. जटा, औषध आणि ऐन वेळी उगवलेले 'घरभेट शुल्क' धरून बिल साडेतीन हजारांच्या घरात गेले. पावती मिळाली नाही.

त्याच संध्याकाळी शेवंताच्या तोंडातून लाळ गळू लागली, कान फडफडू लागले आणि थोड्याच वेळात पाय थरथरू लागले. डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारले, की कुत्र्यांचे गोचिडांचे औषध लावले होते का? कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक तीव्र प्रमाणात असते. कुत्र्याला ते सोसते, पण मांजराच्या यकृताला त्याचे विघटन पुरेसे करता येत नाही आणि मज्जासंस्थेवर परिणाम होऊन झटके येतात, वेळेत उपचार न झाल्यास मांजर दगावतेही. शेवंताला कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुतले (गरम पाणी वापरायचे नसते, त्याने औषध अंगात अधिक मुरते), सलाईन लावले, थरथर थांबवणारी इंजेक्शने दिली, आणि ती वाचली. बाटली तो परत घेऊन गेला होता, त्यामुळे तिच्यात नेमके काय होते हे सिद्ध करण्याचा मार्ग उरला नाही. डॉक्टरांचे निदान लक्षणांवरून होते.

पिसवांबद्दल मात्र शंका उरली नाही. डॉक्टरांनी तिला बारीक दातांच्या फणीने विंचरून पाहिले, एकही पिसू निघाली नाही. त्यांनी सांगितलेली एक चाचणी कोणालाही घरी करता येते: फणीतली काळी पूड ओल्या पांढऱ्या टिश्यू कागदावर टाकावी. पिसवांच्या विष्ठेत पचलेले रक्त असते, त्यामुळे तिच्याभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरतो. साध्या धुळीचा डाग मातकटच राहतो. कुणी अशी पूड दाखवून औषध विकू लागला, तर ही चाचणी त्याच्यासमोर करावी आणि त्याच्या नव्हे, आपल्या फणीने करावी.

खरे तर जटांसाठीही कुणाला बोलवायची गरज क्वचितच पडते. लांब केसांच्या मांजराला दररोज धातूच्या फणीने काखा, पोट आणि कानांमागे विंचरले तर जटा धरत नाहीत. धरलीच, तर तिच्यावर थोडे कॉर्नफ्लोअर चोळून, मुळाशी केस धरून, टोकाकडून बोटांनी सोडवावी. कात्री चालवू नये, कारण मांजराची कातडी पातळ आणि सैल असते व जटेबरोबर ओढली जाऊन कापली जाते. कातडीला चिकटलेली जट पशुवैद्याकडूनच मशीनने काढून घ्यावी.

तक्रार आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तोही मार्ग खुला आहे. अडचण एवढीच, की जाहिरातीतले नाव, आलेल्या माणसाने सांगितलेले नाव आणि पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचे नाव ही तिन्ही वेगवेगळी निघाली. म्हणून आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वीच पूर्ण नाव, पत्ता आणि जटांसह संपूर्ण दर लेखी मागावेत, आणि लेबल नसलेले कोणतेही औषध मांजराच्या अंगाला लावू देऊ नये, मग ते फुकट का असेना.